स्वप्नातलं केळं

बाबांना साखर निघाली आणि आमच्या घरातली केळी स्वप्नात राहायला गेली.

तोवर ती घरभर असायची. ओसरीच्या कोपऱ्यात टेकवलेला घड, खुंटीला लटकलेली फणी, जास्त पिकून काळी पडलेली गाईच्या पाटीत. आमचं गाव हट्ट्याच्या पुढं, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर. पाणी होतं म्हणून केळी होती, आणि केळी होती म्हणून पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी केळं यायचं. जो नको म्हणेल त्याच्या पोटात काहीतरी बिघडलंय असं लोक सरळ धरून चालत. जिल्हा तेव्हा नुकताच हिंगोली झाला होता, पण म्हातारी माणसं अजून आपण परभणीचेच म्हणत होती. मी वसमतच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. रोज एसटीनं जायचे, यायचे, आणि आल्या आल्या दप्तर टाकून बागेत पळायचे.

बाबांची बाग ही माझ्या आठवणीतली सगळ्यात हिरवी जागा. बाहेर ऊन कितीही तापलेलं असो, आत शिरलं की उजेड पानांतून गाळून यायचा आणि अंगावर हिरवा होऊन पडायचा. आपलेच हात आपले वाटायचे नाहीत. आवाजसुद्धा तिथं हळू व्हायचे. पाटातून पाणी यायचं, त्याला कसली घाई नसायची. एका सरीतून दुसरीत शिरताना ते जरासं थबकायचं, पालापाचोळ्याला नाक लावायचं आणि मग पुढं सरकायचं. बाबा फावडं घेऊन त्याच्या पुढं पुढं चालायचे. याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. भिजलेल्या सरीचं तोंड मातीनं बुजवायचं, कोरड्या सरीचं उघडायचं, एवढंच काम. पण खालचं एखादं दार नीट बुजलं नाही आणि झिरपत राहिलं, तर वरच्या पाटात पाणी चढतच नाही आणि उंचावरच्या सऱ्या तहानलेल्या राहतात.

"पाण्याला ढकलता येत न्हाई बाई," बाबा मला म्हणायचे. "त्याची खालची वाट बंद करायची. मग ते आपल्या पायानं वर चढतं."

मी बांधावर पाय सोडून बसायचे आणि ऐकता ऐकता कधी डोळा लागायचा ते कळायचं नाही. ती झोप मला पुन्हा कुठंच मिळाली नाही, गादीवरसुद्धा नाही.

साखरेच्या आधी बाबांना बीपी निघालं होतं. बाजारगावच्या डॉक्टरांनी एक बारकी पांढरी गोळी दिली होती. अंगातलं जास्तीचं मीठ-पाणी ती लघवीवाटे काढून टाकते, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं, आणि महिन्याभरानं दाखवायला या, असंही. पहिलं बाबांच्या लक्षात राहिलं, दुसरं नाही. गोळी ते दुकानातून आणत राहिले. कोपरीच्या खिशात, तंबाखूच्या डबीशेजारी तिची पट्टी असायची. डोकं जड वाटलं की दिवसाच्या गोळीवर आणखी एक. त्यांच्या लेखी तो आजार नव्हताच. सवय होती, तंबाखूसारखी.

मग गावच्या शाळेत तपासणीचं शिबिर आलं. सगळ्यांनी बोट टोचून घेतलं म्हणून बाबांनीही घेतलं, आणि त्यांची साखर वाढलेली निघाली. फार नाही, पण निघाली. डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या दिल्या, गोडाधोडाला जपा म्हणाले आणि उतरली नाही तर इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल, असं सांगून ठेवलं. जन्मभर विळ्या-कोयत्यात हात घालणारा माझा बाप सुईच्या नावानं पांढरा पडला. घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की खुंटीवरची फणी काढून गाईला घातली.

मायनं पथ्य अंगावर घेतलं ते युद्धाला निघाल्यासारखं. भात बंद, बटाटा बंद, फळ म्हणून जे जे असतं ते बंद, पालेभाजी उकडून तिचं पाणी मोरीत. माझी माय बोलायला कमी आणि करायला जास्त. त्यात डोंगरकडा गावाहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण. ती आली की घरातली भांडीसुद्धा सरळ बसायची. तिनं सकाळी अनशापोटी कारल्याचा रस सुरू केला, त्यावर कडुनिंबाचा पाला, संध्याकाळी पुन्हा रस. आठवडाभरात बाबांचं पोट बिघडलं आणि बिघडलेलंच राहिलं. आत्या खूश.

"साखर भाईर पडून राहिली," ती म्हणायची. "पडू द्या."

लघवीलाही बाबा सारखे उठायचे. तीसुद्धा साखरच जातेय, असं आमच्यात ठरून गेलं. जात होतं ते वेगळंच काही होतं, पण ते आमच्यातल्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी रोज वर्गात फळ्यावर पोटॅशियमचं चिन्ह बघत होते, परीक्षेपुरतं.

त्या दिवसांत बाबांना स्वप्नं पडायला लागली. रात्री नाही, दुपारी. जेवणानंतर ते ओसरीतल्या बाजेवर आडवे व्हायचे आणि लगेच कुठंतरी निघून जायचे. ओठ हलायचे, गाल हलायचे. उठले की चेहऱ्यावर असं काही समाधान असायचं की जाऊन आलेली जागा विचारावीशी वाटावी.

"आज काय?" मी विचारायचे.

"आज घड घरात आला होता. पार छताला टेकलेला. पिवळा जर्द. मी आपला शिडी लावून एकेक खाऊन राहिलो. खाली तुझी माय उभी, म्हणती उतरा. मी म्हणलं, उतरतो की, शेंड्यापर्यंत जाऊ दे."

मग ते खरोखरच्या काळजीनं विचारायचे, "बाई, तू शिकलेली. सपनात खाल्लेलं तपासणीत येतं का?"

मी हसून लोटपोट व्हायचे. माय आतून ओरडायची, "सपनात बी पथ्य पाळा म्हणावं त्यांना!"

पण तपासणीत काहीतरी येतच होतं. साखर उतरायच्या ऐवजी चढत चालली. गोळ्या वाढल्या, कारलं वाढलं. बाबांचे गाल बसले आणि पाय जड झाले. चालताना ते पाण्यातून चालल्यासारखे चालायचे, पाऊल उचलायचे आणि कुठं ठेवावं याचा विचार करायचे. रात्री पिंढऱ्यांत गोळे यायचे. छातीत मधूनच पाखरू फडफडतं, असं एकदा ते मला म्हणाले आणि मायला सांगू नको म्हणाले.

मग ती पाणीपाळी आली, कालव्याचं पाणी आमच्या वाट्याला यायचा दिवस. आम्ही नको नको म्हणत असताना बाबा दारं धरायला गेले. दुपारी मी भाकरी घेऊन बागेत शिरले तर पायाखाली सगळीकडं पाणीच पाणी. एका सरीत नाही, सगळ्या सऱ्यांत, सऱ्यांच्या मधल्या वरंब्यांवर, वाटेवर. हिरव्या उजेडात ते पाणी नुसतं पसरलं होतं, त्यावर पानांच्या सावल्या डोलत होत्या. इतकं सुंदर की मी क्षणभर पाहत राहिले. आणि त्या पाण्याच्या मधोमध बाबा बसले होते, कमरेपर्यंत भिजलेले, फावडं मांडीवर घेऊन.

"बाबा, दार फुटलंय!"

"फुटू दे," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "मी खाली बसलो बाई, अन् आता उठता येईना. पाय माझे न्हाईत. मी सांगून राहिलो त्यांना, ते ऐकून न्हाई राहिले."

मी त्यांना ओढलं. भिजलेलं माणूस केवढं जड असतं. ते हसायला गेले आणि त्यांना रडू आलं. माझ्या बापाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मी घाबरले, फार घाबरले. बाजूच्या शेतातून काका धावत आले, बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी बाबांना पाठीवर घेतलं आणि घरी आणलं.

त्यानंतर पाणी काकाच बघायला लागले. बाबा बाजेवर. काका भला माणूस, पण त्यांची स्वतःची शेती होती आणि दोन्हीकडचं पाणी एकाच्यानं होत नव्हतं. ओसरीत बसून मोठी माणसं बोलली ते मी ऐकलं. केळीला रोज माणूस लागतं. बाबा उभे राहिले तर ठीक. नाही राहिले तर ही कापणी झाली की बाग मोडायची आणि कापूस लावायचा. कापसाला एवढं उभं राहावं लागत नाही.

बाबा झोपलेत असं सगळ्यांना वाटलं होतं. बोलणं संपल्यावर ते डोळे न उघडता म्हणाले, "मोडा. पण मला दिसंल अशी मोडू नका."

त्या दिवशी सोमवार होता. माय कुणाला न सांगता एसटीनं औंढ्याला जाऊन आली, नागनाथाला. आल्यावर प्रसादाचा खडीसाखरेचा दाणा तिनं आमच्या हातावर ठेवला, बाबांच्या हातावर नुसता अंगारा. मी विचारलं काय मागितलंस, तर म्हणाली, "देवाला जाऊन काय मागायचं ते देवाला ठाऊक. तू अभ्यास कर."

सुईची वेळ आली म्हणून आम्ही बाबांना नांदेडला नेलं. काका, माय आणि मी. दवाखान्यात बसायला बाकं होती आणि खिडकीत लिंबाची फांदी. तपासणाऱ्या डॉक्टरीण बाई वयानं मायएवढ्याच असतील. आवाज मऊ, पण प्रश्न टोकदार. त्यांनी आमचे साखरेचे सगळे कागद पाहिले, साखरेच्या गोळ्या पाहिल्या आणि बाबांना विचारलं, काही विचारायचंय का. माणसं अशा वेळी नाही म्हणतात. आमचे बाबा बाकावर सावरून बसले.

"म्याडम, सपनात खाल्लेली केळी तपासणीत येत्यात का?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. मायनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरीण बाई मात्र हसल्या नाहीत.

"स्वप्नात खाता, म्हणजे जागेपणी सोडलीत?"

"सोडली की. बाग हाय घरची, पर वासावर राहतो."

"आणखी काय सोडलं?"

बाबांनी यादी सुरू केली. भात, बटाटा, फळं, पालेभाजीचं पाणी. "मग खाता काय?" या प्रश्नावर मायनं कारल्याचं सांगितलं, आणि त्यावरून पोटाचं निघालं, आणि पोटावरून लघवीचं. बाईंचा पेन थांबला. बाकीच्या काही गोळ्या घेता का, असं त्यांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी एका सुरात नाही म्हटलं. बाबांनी कोपरीच्या खिशात हात घातला आणि तंबाखूच्या डबीबरोबर ती पट्टी निघाली.

"ही तर बीपीची हाय. साखरेची न्हाई, म्हणून दाखिवली न्हाई."

"रोज एक?"

"एक. डोकं जड झालं की दोन. कधी कधी..." त्यांनी मायकडं पाहिलं आणि पुढचं गिळलं.

बाईंनी लगेच बाबांच्या छातीचा आलेख काढला, रक्त घेतलं आणि आम्हाला तिथंच थांबवून घेतलं. निकाल आला तेव्हा त्यांनी सांगितलं की बाबांच्या अंगातलं पोटॅशियम फार खाली गेलंय. पायांतली ताकद त्यामुळे गेली, छातीतलं पाखरू त्यामुळेच, आणि साखर चढण्यातही त्याचा मोठा हात आहे.

"पोट्याश?" बाबा एकदम ताठ झाले. "पालाश म्हणता का? खताचं?"

"जातभाईच त्याचा," बाई म्हणाल्या.

"केळीला पालाश कमी पडला की पान कडंनं करपतं अन् खोड मधीच मोडतं," बाबा म्हणाले आणि स्वतःच्या पायांकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी बी तसाच."

मायला भलतीच भीती वाटली. "आता ते गोणीतलं खाऊन बघतील, त्यांना सांगा म्याडम!" तेव्हा मात्र बाई हसल्या, आणि खत तोंडात घालायचं नाही असं बाबांकडून कबूल करून घेतलं.

पण पोटॅशियमचा आणि साखरेचा काय संबंध, हे बाबांना कळत नव्हतं आणि कळल्याशिवाय ते उठणार नव्हते. बाईंनी समजावलं. आपल्या पोटात स्वादुपिंड असतं. त्यातल्या बारीक पेशी इन्सुलिन बनवतात आणि आत साठवून ठेवतात. त्या पेशींच्या भिंतींना दारं असतात. एका दारातून पोटॅशियम सारखं थोडं थोडं बाहेर झिरपत असतं. जेवल्यावर साखर पेशीत पोचली की ते दार मिटतं. झिरपणं थांबलं की पेशीत ताण चढत जातो. तो पुरेसा चढला की दुसरं दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि त्याच्या धक्क्यानं साठवलेलं इन्सुलिन बाहेर पडतं. आता रक्तातलंच पोटॅशियम फार कमी झालं की बाहेरची ओढ वाढते, आतलं पोटॅशियम झिरपतच राहतं, आणि ताण हवा तेवढा चढत नाही.

"इन्सुलिन आहे तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "पण बरंचसं आत पडून राहतंय."

बाबा खिडकीतल्या लिंबाकडं पाहत होते, पण लिंब त्यांना दिसत नव्हता. मला ठाऊक होतं ते कुठं आहेत. ते बागेत होते, फावडं घेऊन.

"खालचं दार गळून राहिलंय म्हणा की," ते शेवटी म्हणाले. "वरचा पाट भरंलच कसा?"

बाईंना दारं धरणं ठाऊक नव्हतं. मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर. तुमचं खालचं दार आपण बुजवू." मग सावधपणे पुढचंही सांगितलं. सगळ्यांची साखर अशी नसते. बाबांचीही कदाचित थोडी राहील, तिच्यावर नजर ठेवावी लागेल. मूत्रपिंडं चांगली आहेत हे त्यांनी तपासून घेतलं होतं, म्हणून पोटॅशियम देता येत होतं. ज्यांची बिघडलेली असतात त्यांना तेच विष होतं, तेव्हा घरी जाऊन गावाला वाटू नका.

काही दिवस बाबा तिथं राहिले. सलाईनमधून थेंब थेंब पोटॅशियम जात राहिलं, आणि मी त्या थेंबांकडं पाहत डुलक्या घेत राहिले. बागेतल्या पाण्यासारखंच ते, घाई नसलेलं. पांढऱ्या गोळीच्या जागी दुसरी आली, कारल्याला रजा मिळाली, एक बेचव पातळ औषध पाण्यातून प्यायला दिलं. सुई टळली. आणि निघताना बाई म्हणाल्या, "रोज एक केळं खा. एक. घड नाही."

हे आत्याला कळलं तेव्हा ती डोंगरकड्याहून नुसती भांडायला आली. "साखरेला केळं! काहून, गुळाची ढेप बी लिहून द्यायची होती." पण भाऊ बाजेवरून आपल्या पायानं उठून तिच्या पाया पडला, तेव्हा तिचं तोंड बंद झालं आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

पहिलं केळं मायनं सोललं. बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते खाल्लं नाही आधी, वास घेतला. मग डोळे मिटले आणि लहान लहान घास घेत संपवलं. माय सालं उचलून आत गेली, आणि आत तिला बराच वेळ लागला.

पाय हळूहळू आले. साखर उतरत गेली, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या. बाबा ओसरीतून अंगणात, अंगणातून रस्त्यापर्यंत, मग बागेच्या बांधापर्यंत जायला लागले. आत मात्र पाऊल टाकत नव्हते. आम्ही टाकू देत नव्हतो हे खरं, पण त्यांचंही धैर्य होत नव्हतं. बांधावर बसायचे आणि काकांना दारं धरताना पाहायचे.

"पाय हायेत," मला म्हणाले. "भरोसा न्हाई. पाण्यात पुन्हा बसलो तर?"

कापणी जवळ आली होती. बाग मोडायचं कुणी बोलत नव्हतं, पण कापसाच्या बियाण्याचं बोलत होते.

अशाच एका दुपारी बाबा बाजेवर तोंड फिरवून पडले होते. मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन अर्धी झोपेत होते, माय माझ्याशेजारी शेंगा फोडत होती. ती अचानक हळूच म्हणाली, "बाई, सपनात खाल्लं तर मोडतं का गं?"

मला वाटलं मला स्वप्न पडलंय. "काय मोडतं?"

"काही न्हाई."

"माय, काय मोडतं?"

तिनं शेंग फोडली, दाणे बाजूला केले, टरफल बाजूला केलं. "नवस. औंढ्याला बोलले होते. हे पुन्हा आपल्या पायानं पाण्यात उभे राहून अख्खी पाळी धरतील, तवाच केळं तोंडाला लावीन. कालच्याला सपनात खाल्लं मी. पोटभर. उठले तर त्वांड गोड."

मला काय झालं सांगता येत नाही. राग आला, आधी रागच आला. इतके दिवस आम्ही बाबांच्या जिभेची काळजी वाहत होतो, त्यांच्या स्वप्नांना हसत होतो. त्यांना केळं परत मिळालं त्याला किती दिवस झाले. रोज ते केळं हिनं सोललं, रोज हिच्या बोटांना त्याचा वास लागला, आणि मला एकदाही वाटलं नाही की ही खात नाही. माय खाते की नाही, हे आमच्या घरात कुणी बघतच नसे.

"अगं पण सांगायचं तरी!"

"नवस सांगायचा असतो व्हय?" ती म्हणाली. "हळू बोल. ते झोपलेत."

ते झोपले नव्हते. बाज करकरली. बाबा उठले, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि कुणाकडं न पाहता चालू लागले. त्या दिवशी पाळी आमचीच होती, काका बागेतच होते. मी पाठोपाठ पळाले, माय तशीच शेंगांचे हात घेऊन आली. बागेत शिरून बाबांनी काकांना नुसतं खुणावलं. काका काही बोलायला गेले, मग त्यांचं तोंड पाहून पाटातून बाहेर झाले.

बाबा पाण्यात उतरले.

मला आजही ती दुपार पुरती खरी वाटत नाही. हिरवा उजेड, आणि त्यात पाण्याच्या पुढं पुढं चालणारे माझे बाबा. एक दार बुजवलं, एक उघडलं. फावडं टेकून थांबले, दम घेतला, पुन्हा निघाले. एकदा त्यांचा गुडघा वाकला. माझ्या तोंडून हाक निघणार तोच मायनं माझा दंड धरला, इतका घट्ट की तिच्या बोटांचे वळ उठले. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. गुडघा सरळ झाला. पाणी पुढच्या सरीत शिरलं. आम्ही बांधाबांधानं त्यांच्याबरोबर सरकत राहिलो, आणि सावल्या लांबत गेल्या.

शेवटची सरी उंचावर होती. तिथं पाणी चढायला वेळ लागतो. बाबांनी खालचं दार पायानं दाबून दाबून बुजवलं आणि वाट पाहिली. पाट हळूहळू भरत आला, पाणी काठाला लागलं, थबकलं, आणि कोरड्या मातीत शिरलं.

"अवं," बाबांनी मायला हाक मारली. "इकडं या."

माझा बाप मायला अहोजाहो करत नसे. त्या दिवशी केलं. ती तशीच चिखलात उतरली. जवळच्या घडात वरची एक फणी पिकायला लागली होती. बाबांनी तिच्यातलं केळं तोडलं, चिखलाचे हात कोपरीला पुसून सोललं आणि तिच्यापुढं धरलं. मायनं आधी औंढ्याच्या दिशेनं हात जोडले. मग घास घेतला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं बघत होतो, जणू ती काही निकाल सांगणार होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती सावकाश चावत होती.

"कसंय?" बाबांनी विचारलं.

"सपनातलं जास्त गोड होतं," ती म्हणाली.

बाबा इतके हसले की त्यांना फावड्याचा आधार घ्यावा लागला. काका हसले, मी रडत रडत हसले. त्या वर्षी बाग मोडली नाही, कापूस लागला नाही. आमचं हसणं चालू असताना मायनं हात वर केला आणि फणीतलं दुसरं केळं स्वतःच तोडून घेतलं.